कळशीवरची चांदी

आक्का काळी होती. हे वाक्य मी मुद्दाम आधी लिहून टाकते, कारण आमच्या घरात ते पुरतं कुणी कधी उच्चारलं नाही. माय म्हणायची, "जरा सावळी हाय." आमची विधवा आत्या आमच्याकडंच राहायची, ती म्हणायची, "रंगानं उन्नीस, बाकी सगळ्यात बीस." दादा, म्हणजे आमचे वडील, काहीच म्हणायचे नाहीत. पण भोकरदनला आक्काचा फोटो काढायला घेऊन गेले तेव्हा फोटोवाल्याला त्यांनी हळूच सांगितलं, "लाईट जरा वाढवा." मी तिथं उभी होते. मी ऐकलं, आणि आक्कानंही ऐकलं. फोटोत ती हसलेली नाही, त्याचं कारण एवढंच आहे.

पिंपळगाव रेणुकाईत आमचं दोन खोल्यांचं घर होतं. दादा प्राथमिक शाळेत मास्तर. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली शिवणयंत्र, आणि त्या यंत्रावर दिवसभर आक्का. गावातल्या निम्म्या बायकांची झंपरं तिनंच शिवलेली असायची. सकाळी यंत्राची खडखड, मायच्या भाकरी थापण्याचा आवाज आणि आत्याचं खोकणं, हे तिन्ही ऐकू आलं की समजायचं, घर जागेवर आहे. आक्काची टीप अशी सरळ पडायची की शेजारच्या बायका कापड उलटं करून बघत. काजाला बसली तर बोलता बोलता, न बघता सुई ओवायची. मला ते कधीच जमलं नाही. मी आठवीत होते, घरात सगळे मला बेबी म्हणायचे, आणि शाळेत विज्ञान शिकते म्हणून माझ्या अंगात थोडी जास्तच हवा होती. पुढं जे झालं त्यात त्या हवेचा वाटा मोठा आहे, म्हणून सांगून ठेवते.

आक्काला दोन ठिकाणची माणसं बघून गेल्ती. पहिल्यांनी भजी खाल्ली, शिरा खाल्ला, आक्कानं शिवलेला रुमालसुद्धा खिशात घातला आणि "पुढल्या साली बघू" असा निरोप धाडला. दुसऱ्यांमधली बाई निघताना मायला बाजूला घेऊन म्हणाली, "पोरगी गुणाची हाय हो, पण आमचा पोरगा उजळ हाय ना." हे लोक आमचेच. आमच्यासारखेच सगळं सोडून आलेले, आमच्याचसारखी भिंतीवर तसबीर लावणारे. कुणी कुणाला हलकं समजायचं नाही म्हणून ज्यांनी देव सोडले, सण सोडले, गावकीची कामं सोडली, त्यांना पोरीच्या कातडीचा रंग तेवढा सोडता आला नाही. याचा मला तेव्हा राग आला होता की नाही, सांगता येत नाही. आता येतो. आता तर इतका येतो की लिहिताना थांबून पाणी प्यावं लागतं.

राजूरच्या गणपतीला चतुर्थीला मोठी गर्दी असायची. आम्ही देवळात जात नसू, पण बाजाराला जायचो. बांगड्या, सुया, दोरे सगळं तिथंच घ्यायचं. तिथं एक क्रीमवाला बसायचा. जमिनीवर लाल कापड, त्यावर पांढऱ्या चिनी मातीच्या डब्यांची उतरंड, आणि मधोमध मोठा आरसा. स्वतःच्या डाव्या हाताला त्यानं महिनोन्महिने ते क्रीम चोळलेलं होतं, उजव्याला नाही. दोन्ही हात तो एकमेकांशेजारी धरायचा. काही बोलायची गरजच नाही, बायका आपोआप थांबत. डबीच्या झाकणावर एका गोऱ्यापान बाईचं चित्र होतं. मी डबी उलटी करून बघितली. मागं कोरं होतं. एक अक्षर नाही. आत्यानं एक डबी घेतली.

आज मी कुठलीही बाटली मागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय घेत नाही. जालन्यातले दुकानदार मला बघून कंटाळतात. वाचावं मात्र लागतं, आणि कळलं की हसू येतं. जे सगळ्यात जास्त घातलेलं असतं ते यादीत सगळ्यात आधी लिहितात, आणि बहुतेक लोशनात पहिलं नाव असतं पाण्याचं. म्हणजे आपण एवढ्या हौसेनं विकत आणतो ते मुळात पाणी. मग ग्लिसरीन, ते कातडीत ओल धरून ठेवतं. मग पॅराफिनचं तेल, ते वरून झाकण घालतं म्हणजे ओल उडत नाही. मग चरबीतून काढलेलं स्टिअरिक आम्ल. आमच्या लहानपणचा तो गारेगार स्नो म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, हे आम्ल, पाणी आणि किंचित क्षार, म्हणजे साबणाचाच एक भाऊ. शेवटी ते नासू नये म्हणून काहीतरी, आणि "सुगंध" हा एकच शब्द, ज्याच्या मागं काय काय दडवलंय ते देव जाणे. यातलं काहीही कातडीचा रंग बदलत नाही. रंग बदलायचा तर आणखी काहीतरी घालावं लागतं. त्या डबीची पाठ कोरी का होती, ते मला फार उशिरा उमगलं.

आत्या रोज संध्याकाळी आक्काला समोर बसवून ते क्रीम चोळायची. पंधरावीस दिवसांत फरक दिसायला लागला, हे नाकारण्यात अर्थ नाही. गाल उजळले, कपाळ उजळलं, कानाच्या पाळ्या मात्र तशाच राहिल्या. बायका झंपराचं माप द्यायला आल्या की म्हणत, "शकू, काय लावून राह्यली ग?" आक्का लाजायची. तिला कुणी तिच्या रूपावरून लाजवलेलं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं, आणि खरं सांगते, मला ते बघायला फार आवडलं होतं. दुसरी डबी आली. तिसरी आली.

भांडी घासायचं काम आक्काकडं होतं. पिण्याच्या पाण्याची तांब्याची कळशी ती दर आठवड्याला चिंचेनं घासायची, कुंकवागत लालबुंद करून ठेवायची. एके दिवशी क्रीम चोळून झाल्यावर हात न धुताच ती कळशीला बसली. चिंचेचा कोळ आणि तीन बोटं. घासून पाणी ओतलं तर कळशीच्या पोटावर वीतभर जागा लखलखीत पांढरी. आक्का घाबरली. आत्या धावत आली, पदरानं पुसून बघितलं, डाग जाईना, उलट आणखीच चमकायला लागला.

"अगं, चांदी हाय ही!" आत्या ओरडली. "क्रीममधी चांदी घातलीया! उगंच न्हाई पोरगी उजळली."

आणि मी, आठवीतली विज्ञानवाली, मी म्हणाले, "बराबर हाय. चांदीच असणार. दुसरं काय एवढं चमकतं?" गावातल्या सगळ्या पोरींना मी ती कळशी आणून दाखवली. नुसतं तेवढंच नाही. पुढच्या चतुर्थीला राजूरला गेलो तेव्हा क्रीमवाल्याला मोठ्या ऐटीत सांगितलं, "तुमच्या क्रीममधी चांदी हाय, आम्ही चिंचेनं घासून बघितलं." तो माणूस क्षणभर माझ्याकडं बघत राहिला. मग हसला, आणि मला एक टिकल्यांचं पाकीट फुकट दिलं. त्यापुढच्या चतुर्थीला त्याच्या लाल कापडावर एक तांब्याची वाटी होती, कापलेलं लिंबू होतं, आणि तो गळा काढून ओरडत होता, "चांदीची मलई! डोळ्यांनी बघा, मंग घ्या!" त्याची जाहिरात मी केली होती. टिकल्यांच्या एका पाकिटात.

जाफराबादहून तिसरं स्थळ आलं. मुलगा सरकारी कचेरीत कारकून. त्याच्या आईनं आक्काची हनुवटी धरून तोंड दाराच्या उजेडाकडं वळवलं, रुमालाचं टोक पाण्यात बुडवलं आणि गालावरून फिरवून बघितलं, पावडर निघते का. निघाली नाही. बाई समाधानानं हसली. दादा समोर बसलेले होते, आणि आपल्या लेकीचा गाल भांड्यासारखा पुसला जाताना ते जमिनीकडं बघत राहिले. ज्वारी निघाल्यावर लग्न करायचं ठरलं.

आक्काची तक्रार त्याच सुमारास सुरू झाली. तोंडाला तांब्याच्या पैशासारखी चव येते, म्हणायची. हिरड्या फुगल्या, ठेच्याशी भाकरी खाताना डोळ्यांतून पाणी काढायची. मग टीप वाकडी पडायला लागली. सुई ओवायला बसली की दोरा भोकाच्या एका बाजूनं, नाहीतर दुसऱ्या बाजूनं निसटायचा. सकाळी उठली की डोळ्यांखाली सूज, पायांवर बोट दाबलं तर खळगा. आत्या मायला म्हणायची, "अंग भरून राह्यलं तिचं. लग्न ठरलं की पोरीवर रूप चढतंच." पोरीचं तोंड सुजत होतं आणि आम्ही त्याला रूप म्हणत होतो. घरात चार माणसं होती हो, आठ डोळे होते.

त्या वर्षी कल्हईवाले रहीमचाचा जरा लवकर आले. वर्षातून दोनदा यायचे, आमच्या दारातल्या लिंबाखाली खड्डा करून भाता लावायचे. भात्याचा तो धापा टाकल्यासारखा आवाज, नवसागराचा झोंबणारा धूर आणि काळ्या पडलेल्या पातेल्याच्या पोटात कापसाच्या एका फेऱ्यानं पसरणारी पांढरी कल्हई, हे बघायला अख्खी गल्ली जमायची. लग्न होतं म्हणून मायनं सगळी पितळेची पातेली काढली. कळशी बुडाशी गळत होती, कथलाचा डाग देऊन तिचं भोक बुजवायचं होतं, तीही दिली. चाचांनी कळशी फिरवून बघितली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ये बाहरून कल्हई कोणी केली? गाव में दुसरा कोई आल्ता क्या?"

त्यांना वाटलं, त्यांचं गिऱ्हाईक कुणीतरी पळवलं. मी हसत पुढं झाले. "कल्हई न्हाई चाचा, चांदी हाय ती. आक्काच्या क्रीममधली."

"क्रीम में चांदी?" त्यांनी अंगठ्यानं डाग घासला, उजेडात धरला, पुन्हा घासला. मग कळशी आडवी करून ती जागा विस्तवावर धरली आणि मला दंडाला धरून मागं सारलं. स्वतः तोंडावर रुमाल दाबला. बघता बघता पांढरा डाग धुरकटला आणि नाहीसा झाला. खाली तांबं जसंच्या तसं.

"देख बेटी," चाचा म्हणाले, "चांदी आगीला भेत न्हाई, जागेवर बसती. कथील असतं तर वितळून पसरलं असतं. आग बघून पळतो तो पारा. क्रीम में रसकापूर घातलाय कुणी तरी, पाऱ्याचाच असतो तो. चिंच लावली की पारा तांब्याला चिकटतो. कौन लगाता है ये?"

तेवढ्यात आक्का त्यांच्यासाठी चहा घेऊन आली. कपबशी तिच्या हातात होती आणि कप बशीवर सारखा वाजत होता, बारीक, थांबायचं नाव नाही. दारापासून लिंबापर्यंत दहा पावलं असतील. तेवढ्यात निम्मा चहा बशीत आला. चाचांनी पुढं होऊन दोन्ही हातांनी कपबशी घेतली. भाता थांबला होता, त्यामुळं तो आवाज थांबल्याचं सगळ्यांना कळलं.

"माझा बाप हैदराबादेत मुलाम्याचं काम करायचा," चाचा मायला म्हणाले. "सोनं पाऱ्यात घोटून भांड्याला लावायचं आणि पारा जाळायचा. चाळिशीत त्याचे दात गेल्ते. हातात चहाचा कप ठरत नव्हता, अम्मी पाजायची. बाई, आजच्या आज बंद करा ते. बिलकुल बंद."

त्यांनी त्या दिवशी कळशीचं भोक बुजवल्याची मजुरी घेतली नाही.

इथवर जे झालं त्याला अडाणीपणा म्हणता येईल. माहीत नव्हतं, म्हणून लावलं. पुढं जे झालं त्याला काय म्हणायचं ते मी अजून ठरवू शकलेले नाही. दादा शाळेतून आल्यावर मी सगळं सांगितलं. आत्या म्हणाली, "लग्नाला दीड म्हैना राह्यला. तेवढा लावू द्या. मंग काय, एकदा अक्षता पडल्या की सोडू."

"आत्या, पारा हाय तो! विष हाय!"

"विष असतं तर आत्तापस्तोर काही झालं नसतं का?"

मी दादांकडं बघितलं. हे दादा सभेत उभे राहून स्वतःच्या बुद्धीला पटेल तेच करा असं सांगायचे, आणि माझ्या अंगावर काटा यायचा. दादा चष्मा पुसत म्हणाले, "दीड महिन्यानं फार काही फरक पडणार नाही, बेबी. ठरलेलं मोडलं तर पुन्हा कोण येणार?" माय रडत होती. माझ्याशिवाय विरोध कुणीच केला नाही. त्या क्षणी मला माझ्या घराची जी किळस आली ती मी कधीही, दादांच्या शेवटच्या आजारपणात त्यांची सेवा करतानाही, पूर्ण विसरू शकले नाही.

आक्का यंत्रापाशी बसून सगळं ऐकत होती. तिनं विचारलं, "बेबी, बंद केलं तर पहिल्यासारखी कधी होईन?"

मला वाटलं, तिलाही रंग जाईल याची भीती आहे. मी चिडून म्हणाले, "होशील महिन्यात."

"मंग आजच बंद करते. लग्नाआधी पहिल्यासारखी व्हायला पाहिजे मी. कागद घे. माझा हात चालत न्हाई, तू लिही." आणि तिनं सांगितलं तसं मी लिहिलं. तुम्ही बघितला तो रंग माझा नाही, डबीचा आहे. त्या डबीत पारा आहे म्हणून मी ती टाकून दिली आहे. मी काळी आहे. तुम्ही पुन्हा येऊन बघून जा, मग काय ते ठरवा. खाली तिनं स्वतः सही केली. शकुंतला एवढी चार अक्षरं, पण ती ओळीवर ठरली नाहीत. मी पत्र घेऊन निघाले तर दादांनी हात पुढं केला. मला वाटलं, फाडतात. त्यांनी पत्र उभ्या उभ्या वाचलं, पाकिटावर आपल्या वळणदार अक्षरात जाफराबादचा पत्ता घातला, पायात चपला सरकवल्या आणि टपाल टाकायला स्वतः गेले.

उत्तर आठवड्यात आलं. रंगाबद्दल एक शब्द नव्हता, तेवढी अक्कल त्यांना होती. लिहिलं होतं, मुलीच्या सहीवरून तिच्या हाताला कंप आहे असं दिसतं, तेव्हा आजारी मुलगी करणं आम्हाला शक्य नाही. गोरी हो म्हणून ज्यांच्यासाठी ते चोळलं, त्यांनीच ते चोळल्याचा आजार दाखवून तिला नाकारलं. मी ते पत्र चार वेळा वाचलं. आक्कानं एकदाच वाचलं आणि चुलीत घातलं.

जालन्याच्या दवाखान्यात दाखवलं. सूज दोन महिन्यांनी उतरली, हिरड्या बऱ्या झाल्या, आणि गालांवर पहिल्यापेक्षाही काळे चट्टे उमटले. हातांचा कंप कमी झाला, पण सुई पुन्हा ओवता आली नाही. मी रोज शाळेत जाण्याआधी दहाबारा सुया ओवून तिच्या टाचण्यांच्या उशीला टोचून ठेवायचे. त्या संपल्या की ती मी घरी येईपर्यंत थांबायची.

पुढच्या चतुर्थीला मी कळशी घेऊन राजूरला गेले. दादा सोबत होते, हे त्यांच्या बाजूनं लिहायला हवं. शेजारच्या भजीवाल्याकडून विस्तव मागून घेतला, क्रीमवाल्यासमोरच कळशीला चिंच आणि त्याच्याच डबीतलं क्रीम घासलं, डाग उठवला आणि सगळ्यांना मागं सारून विस्तवावर धरून उडवून दाखवला. मी म्हणाले, हा पारा आहे, यानं माझ्या बहिणीचे हात गेले. क्रीमवाला शांतपणे म्हणाला, "अहो बायांनो, चांदी हाय असं तर हीच पोरगी मला सांगून गेल्ती की!" लोक हसले. खरंच होतं ते. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका बाईनं, तिच्या कडेला लेक होती, सावळी, टपोऱ्या डोळ्यांची, तिनं मला विचारलं, "मंग रंग उजळतो की न्हाई यानं, तेवढं सांग." मी खोटं बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "उजळतो, पण..." पुढचं ऐकायला ती थांबली नाही. तिनं डबी घेतली.

पुढं मी विज्ञानच शिकले आणि तेच शिकवलं. आक्काचं लग्न दोन वर्षांनी जालन्यात झालं. माणूस बरा मिळाला, तो तिच्या सुया ओवून द्यायचा. कळशी तिच्याच घरी आहे. मागच्या उन्हाळ्यात तिच्या नातीचं लग्न निघालं आणि सोनेरी खोक्यातून एक डबी घरात आली. नातीनं हौसेनं माझ्यापुढं धरली. पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत वीसपंचवीस नावं. मी चष्मा लावून एकेक वाचून दाखवलं. पाणी, ग्लिसरीन, स्टिअरिक आम्ल. आक्काचा त्यावर विश्वास बसला नाही. "लिहिणाऱ्याचं काय जातं?" म्हणाली. तिनं कळशी काढायला लावली, चिंच भिजवली, आणि त्या थरथरत्या बोटांनी डबीतलं क्रीम घेऊन घासत बसली. बराच वेळ घासलं. पाणी ओतलं. तांबं नुसतं लाल निघालं, पांढरा ठिपकासुद्धा नाही.

"बघ आजी," नात म्हणाली, "काही नाही त्यात. उगाच घाबरत होतीस."

"न्हाई खरं," आक्का म्हणाली. "पण लावायची कशाला, ते सांग की."

नात गोंधळली. सावळी आहे ती, आक्कासारखी, टपोरी, देखणी. "अगं आजी, लग्न आहे ना माझं!"

"माझं बी होतं," आक्का म्हणाली, आणि कळशी धुवायला घेतली.